दसऱ्याच्या तबकातले रिव्हॉल्व्हर

प्रति,
माननीय अध्यक्ष महोदया,
सौ. संध्या पुरुषोत्तम खानझोडे,
सोनपान मराठी मंडळ, डब्लिन, ओहायो.
(मंडळाचे कार्यालय: अर्जदाराच्याच घराचा वरचा मजला)

मार्फत: कु. सावनी पुरुषोत्तम खानझोडे, सुरक्षा समन्वयक, सोनपान मराठी मंडळ.
(पत्ता तोच, जिन्याशेजारची खोली)

अर्जदार: पुरुषोत्तम विश्वनाथ खानझोडे, आजीव सभासद.
(पत्ता तोच, तळघर)

विषय: दसऱ्याच्या शस्त्रपूजेत अर्जदारास आपले जुने रिव्हॉल्व्हर मांडण्यास केलेली मनाई उठवून त्यास निर्दोष ठरवण्याबाबत.

संदर्भ: १) गेल्या दसऱ्यानंतरच्या कार्यकारिणी सभेत अर्जदाराविरुद्ध एकमताने संमत झालेला ठराव.
२) गेल्या रविवारी पोहे परतताना आपण केलेली तोंडी सूचना: "हा मंडळाचा विषय आहे, पुरू. मला किचनमध्ये नको सांगू. लेखी अर्ज दे, थ्रू प्रॉपर चॅनल."

महोदया,

उपरोक्त सूचनेस मान देऊन हा अर्ज सादर करण्यात येत आहे. मंडळाच्या घटनेनुसार अर्ज मराठीत असावा, आणि त्यात 'मी' हा शब्द येऊ नये. हे दुसरे कलम अर्जदारानेच घटना समितीत असताना हट्टाने घालून घेतले होते, कारण त्या काळी सभासदांच्या अर्जांत 'मी' फार माजला होता. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ, तेव्हा तक्रार कोणाकडे करावी हे कळत नाही. यास्तव पुढील मजकुरात अर्जदाराचा उल्लेख 'अर्जदार' असाच राहील.

प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे की अर्जदारास रिव्हॉल्व्हर मांडण्याची तितकीशी निकड नाही. निकड आहे ती निर्दोष ठरण्याची. गेल्या दसऱ्यापासून अर्जदाराची कन्या सावनी तळघरात उतरलेली नाही. पूर्वी ती अभ्यासाला तिथेच बसत असे, अर्जदाराच्या खुर्चीवर पाय ठेवून. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल. मंडळाने एकदा निर्दोष ठरवले की घरही ठरवील, असा अर्जदाराचा भाबडा हिशोब आहे.

१. अर्जदाराची ओळख. आपण त्यास ओळखता, तरी नियम आहे. अर्जदार मूळचा नागपूरचा. सहा महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी तो ओहायोत आला, आणि तो प्रोजेक्ट अजून संपला नाही असे त्याची आई आजही शेजाऱ्यांना सांगते. एका विमा कंपनीतला जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवणे हे त्याचे काम. त्यात आजवर कोणी जखमी झालेले नाही.

२. अर्जदारास अमेरिकेच्या सरहद्दीच्या काळातली, म्हणजे काऊबॉय वगैरे मंडळींच्या जमान्यातली, दुरुस्त करून पूर्ववत केलेली रिव्हॉल्व्हरे जमवण्याचा नाद आहे. हौसेला मोल नसते असे म्हणतात, परंतु अर्जदाराच्या हौसेला अक्कलही नाही असे आपण वेळोवेळी सांगितले आहे, व ते मान्य आहे. अर्जदाराने आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. दिवाळीत गल्लीतली पोरे लवंगी लावत तेव्हा तो शेजारच्या गल्लीत जाऊन कानात बोटे घालून उभा असे. घोड्याजवळ गेला तर त्यास शिंका येतात. सरहद्दीचा जो पश्चिम भाग म्हणतात तो त्याने डेन्व्हरच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघताना काचेतून पाहिला आहे. हौसेने घेतलेल्या काऊबॉय हॅटमध्ये आपण कांदे ठेवता, आणि ती त्या कामी खरोखर चांगली आहे.

मग हा नाद का, असे कार्यकारिणीने विचारले होते. तेव्हा अर्जदार इतिहासावर बराच वेळ बोलला आणि दोन सदस्य चहाला उठून गेले. खरे उत्तर साधे आहे. एखादे रिव्हॉल्व्हर दीडशे वर्षे कोणाच्या तरी माळ्यावर गंजत पडलेले असते. त्याचा घोडा हलत नाही, सिलिंडर फिरत नाही, स्प्रिंग तुटलेली असते. शेजारच्या राज्यात स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळ एक वयस्कर कारागीर राहतात, वॉल्टर नावाचे. ते त्याचा एकेक भाग सोडवतात, नवी स्प्रिंग हाताने घडवतात, पोलादाला पुन्हा पूर्वीची निळसर झाक आणतात. मग एके दिवशी घोडा मागे ओढला की सिलिंडर 'टिक' करून एक घर पुढे सरकते. तो आवाज ऐकला की अर्जदाराचे मन निवते. जुने बिघडलेले काही पुन्हा चालू होते, आणि त्यासाठी मीटिंग घ्यावी लागत नाही, हे त्याच्या नोकरीत कधी घडत नाही.

३. आता प्रस्तुत रिव्हॉल्व्हरविषयी. हे १८५१ सालच्या नमुन्याचे असून त्याच्या सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. मुठीच्या पितळी पट्टीवर वॉल्टर यांनी चांदीचा पातळ मुलामा दिला होता. दिला होता, असा भूतकाळ का, ते सांगणे क्रमप्राप्त आहे.

गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की दसऱ्याला प्रत्येक कुटुंबाने आपापले 'शस्त्र' पूजेला आणावे. बहुतेकांनी लॅपटॉप आणले. कोणी स्टेथोस्कोप आणला, कोणी पोळ्यांचे लाटणे. आपण अर्जदारास म्हणालात, की घरात खरी शस्त्रे असताना लॅपटॉप काय न्यायचा, लोक हसतील. हे विधान आपण आता नाकारता. असो. आदल्या दिवशी आपण पूजेची तयारी म्हणून समया, तांब्या, पळी-पंचपात्र चिंच-मीठ लावून घासलीत, आणि त्याच ओघात, पूजेला जाणारी वस्तू मळकी कशी न्यायची म्हणून, ते रिव्हॉल्व्हरही घासलेत. हेतूविषयी अर्जदारास तिळमात्र शंका नाही. मुलामा मात्र गेला. खालचे पितळ वर आले, आणि असे लखलखले की त्यात अर्जदारास स्वतःचा चेहरा दिसला. वॉल्टर यांना फोन केला असता त्यांनी चिंच म्हणजे काय असे विचारले. तिचे गुणधर्म सांगितल्यावर त्यांनी त्या शब्दाचे स्पेलिंग लिहून घेतले. नंतर त्यांनी सौंच्या प्रकृतीची चौकशी केली.

हे गाऱ्हाणे म्हणून मांडलेले नाही. मुद्दा असा की रिव्हॉल्व्हर आपल्या जुन्या काळपट रूपात असते तर पुढचे काही घडलेच नसते. ते समईसारखे चमकत होते म्हणूनच कार्यक्रमाच्या भाड्याच्या हॉलच्या मॅनेजर बाईंना ते कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकावरून दिसले. कार्यकारिणीने जबाबदारी निश्चित करताना चिंचेचा विचार केला नाही, ही या ठरावातली मोठीच त्रुटी आहे.

४. प्रत्यक्ष घटना. हॉलच्या दारावर एक खूण चिकटवलेली आहे: लाल वर्तुळात पिस्तुलाचे चित्र, त्यावर आडवी रेघ. अर्जदार वर्षानुवर्षे श्रीखंडाचे ट्रे घेऊन त्या दारातून आत गेला आहे. ती खूण त्याने दर वेळी पाहिली, आणि ती दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असाच त्याचा समज राहिला. त्या दिवशीही राहिला. डोक्याला फेटा, अंगात झब्बा, हातात तबक. तबकात हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुले, आणि मधोमध ते रिव्हॉल्व्हर, त्याच्या नळीला कुंकवाचे बोट लावलेले. अशा थाटात अर्जदार पार्किंग लॉटमधून आला. उंटावरचा शहाणा निदान उंटावर तरी असतो. अर्जदार पायी होता.

मॅनेजर बाईंनी विचारले की हे काय आहे. अर्जदाराने अभिमानाने साल सांगितले. बाईंनी साल ऐकले नाही. त्यांनी हातातल्या वॉकीटॉकीत एकच शब्द मोठ्याने उच्चारला: "गन." इथे अर्जदाराने खरे तर थांबायला हवे होते. परंतु कायद्याच्या व्याख्येत ही बंदूक मोडत नाही हे त्यास बाईंना समजावून द्यायचे होते, आणि इंग्रजीत वाद घालायची वेळ आली की अर्जदार सावनीला पुढे करतो. बँक, डॉक्टर, टायरचे दुकान, सर्वत्र हीच पद्धत आहे. सावनी त्या वेळी बाजूच्या खोलीत बालविभागाच्या मुलांना नाचासाठी तयार करत होती. म्हणून अर्जदार तबक घेऊन त्या खोलीकडे गेला.

दार बंद होते. आतले दिवे मालवलेले होते. दाराच्या छोट्या काचेवर आतून कोणी तरी शेला लावला होता. मोठ्या हॉलमध्ये मोठी माणसे बटाटेवड्यांच्या रांगेत उभी राहून घरांच्या कर्जाचे व्याजदर बोलत होती, त्यांना कशाचाही पत्ता नव्हता. मुलांना होता. तो शब्द कॉरिडॉरमधून आत गेला, आणि कोणीही न सांगता परकर-पोलक्यातली, धोतर-जरीटोपीतली सगळी मुले भिंतीला पाठ लावून खाली बसली, दारातून दिसणार नाही अशा बाजूला. कोणी बंदूक घेऊन शिरले तर काय करायचे, हे इथे शाळेत पहिलीपासून शिकवतात. जसे आपल्याला पाढे शिकवले तसे. एकही मूल रडले नाही, हे नंतर समजले.

अर्जदाराने दार वाजवले. "सावनी, दार उघड, मी आहे," असे तो म्हणाला. (अवतरणातला 'मी' नियमात बसतो, खात्री करून घेतली आहे.) आतून उत्तर नाही. त्याने पुन्हा वाजवले. बाबा आहे, असे म्हणाला. काही झालेले नाही, असेही म्हणाला. दार उघडले नाही.

तेवढ्यात पोलीस आले. दोघे होते, अतिशय सभ्य. त्यांनी रिव्हॉल्व्हर ताब्यात घेऊन पाहिले, आणि त्यांतल्या वयस्क अधिकाऱ्याने कोणत्या सालच्या नमुन्याचे आहे ते अचूक ओळखले. त्यांच्या आजोबांकडे असेच एक होते. अर्जदारास इतका आनंद झाला की त्याने त्यांना सिलिंडरवरची जहाजे दाखवली, घोड्याची 'टिक' ऐकवली, चिंचेची हकिकतही सांगितली. ते कुंकवाविषयी विचारत होते. या सर्व काळात मुले आत अंधारात बसलेली होती. हे अर्जदाराच्या त्या वेळी लक्षात राहिले नाही. अखेर दुसऱ्या अधिकाऱ्याने दाराशी जाऊन आपली ओळख सांगितली आणि आपला बिल्ला दाराच्या फटीतून आत सरकवला. तेव्हा दार उघडले. सावनीने ते उघडले, सगळी मुले मोजून बाहेर काढली, आणि अर्जदाराच्या शेजारून निघून गेली.

५. ठराव व त्याचे परिणाम. "श्री. खानझोडे यांनी मंडळाच्या कार्यक्रमात कोणतेही शस्त्र, शस्त्रसदृश वस्तू अथवा शस्त्राविषयीचे बोलणे आणू नये," असा ठराव झाला. त्यातील 'शस्त्रसदृश' या शब्दाचा कार्यकारिणीने जो अर्थ लावला तो अर्जदारास उद्ध्वस्त करणारा आहे. संक्रांतीला त्याच्या हातून मांज्याची फिरकी काढून घेतली. होळीला लहान मुलांसमक्ष त्याची पिचकारी जप्त झाली, आणि भरलेली असल्याने ती चिटणीस अवधूत यांच्या अंगावर रिकामी झाली. गणपतीत नारळ फोडण्याचा त्याचा पूर्वापार मान काढून त्यास टाळ्या वाजवण्याचे काम दिले. केक कापताना त्यास खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे करतात. कोथिंबिरीच्या वड्या कापायला त्याने सुरी मागितली तर काकू मंडळी एकमेकींकडे बघतात. ज्या माणसाच्या हातून कधी डास मेला नाही, त्याची ही ख्याती.

६. कायदेशीर बाजू. १८९८ पर्यंत बनलेले असे जुने रिव्हॉल्व्हर केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत 'फायरआर्म' ठरत नाही. ते पुरातन वस्तू ठरते. म्हणजे अर्जदाराने त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने एक पुरातन वस्तू तबकात घालून आणली, जशी एखादा समई आणतो. मॅनेजर बाई, पोलीस, कार्यकारिणी आणि बालविभाग या सर्वांचा गैरसमज झाला. सबब ठराव रद्द व्हावा, अर्जदारास निर्दोष ठरवावे, आणि तसे एक पत्र मंडळाच्या शिक्क्यानिशी द्यावे, जे तो घरात दाखवू शकेल, अशी विनंती आहे.

७. इथवर अर्ज लिहून झाल्यावर अर्जदार तो घेऊन सुरक्षा समन्वयकांकडे अभिप्रायासाठी गेला. हे पद त्या घटनेनंतरच निर्माण झाले, आणि सावनीने ते स्वतःहून मागून घेतले. तिने अर्ज पलंगावर बसून वाचला. मराठी ती बोट ठेवून वाचते, त्यामुळे वेळ लागला. चिंचेच्या परिच्छेदाला ती हसली, हे नमूद करण्यास अर्जदारास आनंद होतो. नंतर तिने सहाव्या मुद्द्यावर बोट ठेवले.

"निर्दोष म्हणजे इनोसंट ना, बाबा?"

अर्जदार हो म्हणाला. मग, वर्षभर जे विचारायचे राहिले होते ते त्याने विचारले. दार उघडले नाही ते नियमामुळेच ना? ओळखीचा आवाज आला तरी उघडायचे नाही, असा नियम असतो असे त्याने कुठे तरी वाचले होते, आणि त्या नियमाच्या आधारावर त्याचे वर्ष निघाले होते.

"रूल होता," सावनी म्हणाली. "पण मला कळलं होतं तू आहेस. शेला लावायच्या आधी मी काचेतून पाहिलं. तू होतास, आणि तुझ्या ताटात गन होती."

अर्जदार ती पुरातन वस्तू असल्याचे सांगणार होता. सुदैवाने सांगितले नाही.

"इलाने पण पाहिलं," ती म्हणाली. इला ही बालविभागातली सर्वांत लहान मुलगी, त्या दिवशी पहिल्यांदाच आलेली. "ती सारखी विचारत होती, हू इज दॅट मॅन. फेट्यात तिला तू कळला नाहीस. आणि बाबा, मी तिला सांगितलं, आय डोन्ट नो."

सावनी अर्जाच्या कागदाच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, की ती त्याच्यावर चिडलेली नाही, कधीच नव्हती. "खाली आले की तू दिसतोस, आणि मला ते आठवतं. म्हणून नाही येत."

अर्जदारास अतिशय वाईट वाटले, याची मंडळाने नोंद घ्यावी. वर्षभर तो स्वतःचा खटला लढत होता, पिचकारी आणि नारळ यांची यादी करत होता. बापाचे नाव सांगायची लाज वाटावी असा तो त्या काचेतून दिसला, आणि त्या लाजेचे ओझे सोळा वर्षांच्या पोरीने एकटीने वाहिले, हे त्याच्या गावीही नव्हते. कायद्याची व्याख्या त्यास आजही तोंडपाठ आहे. काचेतून बघणाऱ्या इलाला ती माहीत असायचे काही कारण नव्हते.

८. सबब अर्जदार वरील सहाव्या मुद्द्यातील सर्व विनंत्या मागे घेत आहे. ठराव आहे तसा कायम ठेवावा. पिचकारीबाबत थोडी सवलत मिळाल्यास बरे, पण आग्रह नाही. तळघरातील संग्रह कुलूपबंद केला आहे. त्याचे पुढे काय करायचे हे अर्जदार, आपण आणि सावनी मिळून ठरवू, आणि तोवर 'टिक' ऐकल्याशिवाय त्यास करमेनासे झाले तर त्याने बॉलपेन वापरावे, अशी आपली सूचना त्यास मान्य आहे. येत्या दसऱ्याला तो लॅपटॉप आणील. लोकांना हसू द्यावे.

त्याऐवजी अर्जदाराची एकच नवी विनंती आहे. दसऱ्याच्या दिवशी मुले नाचाची तयारी करत असताना त्यास बालविभागाच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊ द्यावे. तो फेटा बांधणार नाही, म्हणजे चेहरा नीट दिसेल. हातात तबक नसेल, काहीही नसेल. काचेवर शेला लावलेला नसावा. तो दार एकदाच वाजवील आणि बाहेर उभा राहील. दार उघडायचे की नाही, हा निर्णय सुरक्षा समन्वयकांचा असेल. आणि आत कोणी मुलाने 'हा माणूस कोण' असे विचारलेच, तर त्यास काय उत्तर द्यावे, हेही सर्वस्वी त्यांच्याच मर्जीवर राहील.

आपल्याच छपराखालचा, आपला नम्र,

पु. वि. खानझोडे
(अर्जदार)

दिनांक: १४ सप्टेंबर २०२५
स्थळ: डब्लिन, जेवणाचे टेबल

सोबत:
१) रिव्हॉल्व्हरची छायाचित्रे, चिंचेपूर्वी व चिंचेनंतर (रद्द)
२) कायद्यातील व्याख्येची छापील प्रत (रद्द)
३) तळघरातल्या कपाटाची किल्ली. सुरक्षा समन्वयकांनी आपल्याजवळ ठेवावी.